हेमा समितीचा अहवाल आणि आपल्या प्रतिक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या परिस्थितीवरचा न्या. हेमा समितीचा अहवाल १९ ऑगस्ट २०२४ रोजी लोकांसमोर आला. त्यानंतर केरळमध्ये आणि केरळबाहेरही तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. त्यांतील काही माहितीसाठी होते. काही मात्र प्रश्नाच्या रूपातले निकालच होते. दोन्ही प्रकारचे प्रश्न येथे घेतले आहेत.

ही समिती कशासाठी नेमली गेली?

१७ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री कोचीत एका नामवंत अभिनेत्रीचे अपहरण झाले आणि धावत्या गाडीत तिच्यावर लैंगिक अत्याचार करून त्याचे चित्रीकरण करण्यात आले. तिने गप्प न राहता लगेच पोलिसांत तक्रार दिली. त्या घटनेनंतर मल्याळम चित्रपटसृष्टीतील काही अभिनेत्री, दिग्दर्शिका आणि तंत्रज्ञ स्त्रिया एकत्र आल्या. ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ या नावाची संघटना त्यांतून उभी राहिली. मे २०१७ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांची भेट घेतली आणि या व्यवसायातील स्त्रियांच्या कामाच्या परिस्थितीचा अभ्यास व्हावा अशी मागणी केली. त्यानुसार केरळ उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ज्येष्ठ अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी या तिच्या इतर दोन सदस्य होत्या.

समितीचे काम कामाच्या परिस्थितीचा अभ्यास करण्याचे होते, कोणावर गुन्हा सिद्ध करण्याचे नव्हते. पुढे जो गोंधळ झाला त्यातला निम्मा हा फरक विसरल्यामुळे झाला.

अहवाल इतकी वर्षे बाहेर का आला नाही?

समितीने ३१ डिसेंबर २०१९ रोजी अहवाल सरकारकडे सोपवला आणि तो साडेचार वर्षांहून अधिक काळ सरकारदरबारी पडून राहिला. ही समिती चौकशी आयोग अधिनियमाखाली नेमलेली नव्हती, त्यामुळे अहवाल विधानसभेत मांडण्याचे बंधन नाही, असे सरकारचे म्हणणे होते. साक्षी गोपनीयतेच्या हमीवर घेतल्या असल्याने अहवाल उघड करू नये, असे स्वतः न्या. हेमा यांनीही सरकारला कळवले होते. ही दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु साक्षीदारांची ओळख झाकून उरलेला भाग प्रसिद्ध करता आला असता, आणि शेवटी राज्य माहिती आयोगाच्या आदेशावरून तसेच केले गेले. म्हणजे जे २०२४ मध्ये शक्य झाले ते २०२० मध्येही अशक्य नव्हते. प्रकाशन थांबवण्यासाठी एका निर्मात्याने उच्च न्यायालयात केलेली याचिका फेटाळली गेल्यानंतर २३३ पाने प्रसिद्ध झाली.

अहवालात नेमके काय आहे?

बातम्यांत आला तो कामाच्या मोबदल्यात शरीरसुखाची मागणी होण्याचा भाग. तो अहवालात आहेच. ‘अ‍ॅडजस्टमेंट’ आणि ‘कॉम्प्रमाइज’ हे दोन शब्द या क्षेत्रात येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून ऐकावे लागतात, असे समितीने नोंदवले आहे. बाहेरगावी चित्रीकरण असताना रात्री खोल्यांची दारे ठोठावली जातात, म्हणून अभिनेत्री आईला किंवा नातेवाइकाला सोबत नेतात, असेही साक्षींतून पुढे आले. आदल्या दिवशी ज्याने त्रास दिला त्याच नटाची पत्नी म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मिठी मारण्याचे दृश्य एका अभिनेत्रीला द्यावे लागले. तिच्या चेहऱ्यावरचा तिटकारा लपेना, म्हणून त्या दृश्याचे सतरा वेळा चित्रीकरण करावे लागले आणि वर दिग्दर्शकाची बोलणीही तिलाच खावी लागली. अख्ख्या अहवालात मला सर्वांत विसरता न येणारी नोंद हीच वाटते, कारण त्या युनिटमधल्या कोणालाही ‘असे का होते आहे’ हे तिला विचारावेसे वाटले नाही.

बातम्यांत फारसा आला नाही तो भाग याहून मोठा आहे. सेटवर स्वच्छतागृह नसते. कपडे बदलायला जागा नसते. म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. लेखी करार नसतो, त्यामुळे ठरलेले मानधन बुडाले तर दाद मागायला कागद नसतो. कराराच्या वेळी न सांगितलेले दृश्य ऐन चित्रीकरणात पुढे केले जाते. बोलणाऱ्या बाईवर अघोषित बंदी येते, आणि ही बंदी कोणी कागदावर लिहीत नाही, फक्त फोन येणे थांबते. काही मोजक्या पुरुषांचा एक गट कोणाला काम मिळावे आणि कोणाला मिळू नये हे ठरवतो, असेही समितीने लिहिले. पुढे ‘पॉवर ग्रुप’ म्हणून गाजला तो हाच.

हे सगळे वेगवेगळे विषय आहेत असे वाटू शकते, पण ते तसे नाहीत. जिच्याकडे करार नाही, जिला उद्याचे काम एका फोनवर अवलंबून असल्याचे माहीत आहे, तिच्या दारावर रात्री थाप पडली तर ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय, हे थाप मारणाऱ्यालाही ठाऊक असते.

मग अहवालात आरोपींची नावे का नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला. अहवाल यायच्या आधीपासून ‘नावे कोणाची आहेत’ याची चर्चा होती, आणि तो आल्यावर ‘नावेच नाहीत तर अहवालाचा उपयोग काय’ अशी निराशाही व्यक्त झाली. साक्षीदारांची गोपनीयता राखण्यासाठी प्रकाशनापूर्वी काही परिच्छेद वगळले गेले हे एक कारण. दुसरे कारण मूलभूत आहे : ज्यांची बाजू ऐकून घेतलेली नाही त्यांना दोषी म्हणून जाहीर करणे अभ्यास समितीला शोभले नसते.

त्या निराशेत लोकांची एक सवय दिसते. नाव मिळाले की प्रकरण सोपे होते. एक खलनायक सापडतो, त्याच्यावर राग काढता येतो, आणि तो आपला लाडका नट असेल तर त्याचा बचावही करता येतो. नाव नसले की उरते ती व्यवस्था, आणि व्यवस्थेवर तावातावाने बोलायला फारसे कोणी तयार नसते. स्वच्छतागृहाच्या मुद्द्यावर कुठल्याही वाहिनीने रात्री नऊच्या चर्चेत पाहुणे बसवल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

अहवाल आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत काय घडले?

नावे अहवालातून मिळाली नाहीत, ती बाहेरून आली. बंगाली अभिनेत्री श्रीलेखा मित्रा यांनी दिग्दर्शक रंजित यांच्यावर पूर्वीच्या एका प्रसंगावरून आरोप केला. रंजित यांनी तो नाकारला, परंतु २५ ऑगस्टला केरळ चलच्चित्र अकादमीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याच दिवशी अभिनेते सिद्दिक यांनी कलाकारांच्या ‘अम्मा’ या संघटनेचे सरचिटणीसपद सोडले. त्यांच्यावर एका अभिनेत्रीने आरोप केला होता, जो त्यांनी फेटाळला. सरकारने विशेष तपास पथक नेमले. २७ ऑगस्टला अध्यक्ष मोहनलाल यांच्यासह ‘अम्मा’ची संपूर्ण कार्यकारिणी पायउतार झाली.

(असोसिएशन ऑफ मल्याळम मूव्ही आर्टिस्ट्स या नावाच्या आद्याक्षरांतून तयार झालेला ‘अम्मा’ हा शब्द मल्याळममध्ये आईसाठी वापरतात. २०१७ च्या अत्याचार प्रकरणात कटाचा आरोप असलेले अभिनेते दिलीप यांना २०१८ मध्ये पुन्हा सामावून घेण्याचा निर्णय याच संघटनेने घेतला तेव्हा पीडित अभिनेत्रीसह चौघींनी तिचे सदस्यत्व सोडले होते. त्या वेळी या नावावरून झालेले कडवट विनोद मुद्दाम करावे लागले नाहीत.)

राजीनाम्यांचे स्वागत झाले, पण मला ते तितकेसे पटले नाही. सगळी कार्यकारिणी एकदम गेली म्हणजे अहवालाला उत्तर देण्याची जबाबदारी असलेले कोणीच खुर्चीत उरले नाही. काही दिवसांनी मोहनलाल यांनी केवळ ‘अम्मा’लाच लक्ष्य करू नये असे सांगितले, ज्येष्ठ अभिनेते मम्मूट्टी यांनी चित्रपटसृष्टीत असा कोणताही ‘पॉवर ग्रुप’ नसल्याचे म्हटले. दुसरीकडे पृथ्वीराजसारख्या नटाने आरोपांची नीट चौकशी व्हावी आणि दोषींना शिक्षा व्हावी, अशी भूमिका उघडपणे घेतली. म्हणजे ‘चित्रपटसृष्टीची प्रतिक्रिया’ असे एकच काही नव्हते.

राजकारणाने आपली वाट धरली. माकपचे कोल्लमचे आमदार, अभिनेते मुकेश यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यांनी आरोप नाकारले. विरोधकांनी राजीनामा मागितला, तेव्हा काँग्रेसच्या आमदारांवर असे गुन्हे दाखल झाले तेव्हा त्यांनी कुठे आमदारकी सोडली, असे उत्तर सत्ताधाऱ्यांकडून आले. ‘तुमचेही तसेच’ हा युक्तिवाद तक्रारदार स्त्रीला काहीही देत नाही, पण वादाचा विषय मात्र चोख बदलतो.

‘इतकी वर्षे गप्प का बसल्या?’

या स्त्रिया गप्प बसलेल्या नव्हत्या. त्यांनी समितीसमोर सांगितले, आणि ज्यांना सांगितले त्यांनी ते साडेचार वर्षे कपाटात ठेवले. विलंबाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो सरकारच्या खात्यावर आधी मांडावा लागेल.

तक्रारीला उशीर का होतो याचेही उत्तर अहवालातच आहे : काम जाण्याची भीती, घरच्यांच्या जिवाची भीती, आणि चाहत्यांच्या टोळ्यांकडून समाजमाध्यमांवर होणाऱ्या चिखलफेकीची भीती. ही भीती कल्पनेतली नव्हती. २०१७ नंतर पीडितेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अभिनेत्रींना मिळणारे काम कसे आटले हे सगळ्यांनी पाहिले होते.

न्यायालये विलंबाकडे कसे पाहतात हा वेगळा भाग आहे. सिद्दिक यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अटकपूर्व जामीन दिला तेव्हा तक्रारीला झालेल्या सुमारे आठ वर्षांच्या विलंबाचा विचार केला. जामीन म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, तसेच विलंब म्हणजे खोटेपणाही नव्हे. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी, आपल्यावर लैंगिक छळाचा आरोप केल्याबद्दल पत्रकार प्रिया रमाणी यांच्याविरुद्ध केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणी यांना निर्दोष ठरवताना, स्त्रीला आपली तक्रार कित्येक दशकांनंतरही मांडण्याचा अधिकार आहे असे स्पष्ट म्हटले. ते प्रकरण चित्रपटसृष्टीतले नव्हते, पण हा प्रश्न तोच होता.

‘खरे असेल तर पोलिसांत का जात नाहीत?’

केरळमध्ये याचे उलट टोक पाहायला मिळाले. उच्च न्यायालयाच्या विशेष खंडपीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, समितीसमोरील ज्या साक्षींतून दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्याचा तपास पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय करता येतो असा) दिसतो त्यांवर तपास पथकाने कायद्यानुसार कारवाई करावी, असा आदेश दिला. साक्षीदारांवर जबरदस्ती करू नये असेही बजावले. त्यानुसार गुन्हे नोंदले गेले. तेव्हा साक्ष देणाऱ्यांपैकीच एक अभिनेत्री सर्वोच्च न्यायालयात गेली. आपण गोपनीयतेच्या भरवशावर आणि अभ्यासासाठी बोललो होतो, आपल्याला फौजदारी खटला नको आहे, असे तिचे म्हणणे होते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना थांबवता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतली. आणि जून २०२५ पर्यंत या साक्षींवरून नोंदलेली तीसहून अधिक प्रकरणे, साक्षीदार जबाब द्यायला तयार नाहीत या कारणाने बंद झाली.

तेव्हा लगेच ‘बघा, सगळे खोटेच होते’ असे म्हणणारे निघाले. पण कोणी आपली साक्ष खोटी होती असे सांगितलेले नव्हते. तिला विश्वासाने बोलायला बोलावले, मग तिला न विचारता तिच्या बोलण्याचा गुन्हा केला, आणि ती मागे सरकल्यावर तिलाच खोटे ठरवले. पुढच्या समितीसमोर बोलायला कोण येईल याचा विचार या घाईत कोणी केलेला दिसत नाही.

आरोप झाला म्हणजे माणूस दोषी, असे मानावे का?

मानू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये अभिनेते निविन पॉली यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यांनी त्याच दिवशी पत्रकारांसमोर येऊन आरोप नाकारला, आणि नोव्हेंबरमध्ये तपास पथकाने त्यांचे नाव वगळले. सप्टेंबरात ज्यांनी त्यांना गुन्हेगार ठरवले होते त्यांतील किती जणांनी नोव्हेंबरात तितक्याच मोठ्या आवाजात चूक कबूल केली, हे ज्याने त्याने आठवावे.

२०१७ च्या मूळ खटल्याचा निकाल ८ डिसेंबर २०२५ रोजी लागला. प्रत्यक्ष अपहरण आणि अत्याचार करणारे सहा जण दोषी ठरले आणि त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. कटाचा आरोप असलेले अभिनेते दिलीप यांची मात्र तो आरोप सिद्ध न झाल्याने निर्दोष मुक्तता झाली. राज्य सरकारने अपिलाची भूमिका घेतली. निकालाच्या दिवशी एका बाजूला फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. दुसऱ्या बाजूला ‘अवळ्कोप्पम्’, म्हणजे ‘तिच्यासोबत’, ही २०१७ पासूनची घोषणा पुन्हा दिसू लागली. खटल्यात चित्रपटसृष्टीतलेच काही साक्षीदार फितूर झाले होते, हेही दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायला हवे.

निकाल मान्य करणे आणि त्याच्याशी असहमत असणे हे दोन्ही एकाच वेळी करता येते. अपील ही त्याचीच कायदेशीर वाट आहे. निकालाचा आधार घेऊन पीडितेची टिंगल करणे मात्र या दोन्हींत बसत नाही, कारण तिच्यावर अत्याचार झाला हे त्याच निकालाने सिद्ध मानले आहे.

खोटी तक्रार केली तर कायद्यात काय तरतूद आहे?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे १४ वे कलम जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाई करण्याची मुभा देते. त्याच कलमात हेही लिहिले आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पहिले वाक्य सर्वांना पाठ असते.

पीडितेचे नाव किंवा छायाचित्र पुढे पाठवले तर चालते का?

नाही. बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यांत पीडितेची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि सहानुभूतीने पाठवला म्हणून त्यात सूट मिळत नाही. या पानावरही २०१७ मधील अभिनेत्रीचे नाव घेतलेले नाही.

आरोप असलेल्या कलाकाराचे चित्रपट पाहावेत का?

हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि त्यावर जितके बोलले जाते तितका तो मोठा प्रश्न नाही. एका नटावर बहिष्कार घातला तर त्या चित्रपटाच्या संकलक, वेशभूषाकार आणि शेकडो कामगारांचेही नुकसान होते. न घातला तर तो नट बिनधास्त राहतो. प्रेक्षकाला याहून परिणामकारक काही करायचे असेल तर बोलल्यामुळे जिचे काम गेले तिचा चित्रपट तिकीट काढून पाहावा. मार्च २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला २०१७ मधील ती पीडित अभिनेत्री मंचावर आली तेव्हा सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या, पण टाळ्यांनी चित्रपट मिळत नाहीत.

हे केरळपुरतेच आहे का? मराठी आणि हिंदी सृष्टीचे काय?

केरळमध्ये असे प्रकार जास्त घडतात असे मानायला काही आधार नाही. तिथे विचारणारे जास्त निघाले, एवढेच. मुंबईत अशी समिती कधी बसली नाही.

मराठी वाचकाला जवळचे प्रकरण म्हणजे तनुश्री दत्ता यांनी नाना पाटेकर यांच्यावर केलेला विनयभंगाचा आरोप. प्रसंग २००८ मधला, चित्रपटाच्या सेटवरचा. तेव्हा जमावाने दत्ता यांच्या गाडीवर केलेल्या हल्ल्याचे चित्रीकरण २०१८ मध्ये पुन्हा फिरले. पाटेकर यांनी आरोप सातत्याने नाकारला. जून २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचे सांगत तपास बंद करण्याचा अहवाल दिला. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या न्यायालयाने तक्रार मुदतीबाहेरची असल्याच्या कारणावरून दखल घेण्यास नकार दिला. २००८ मध्ये विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, आणि अशा गुन्ह्यांची दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची असते. म्हणजे आरोप खरा की खोटा याचा निवाडा झालाच नाही.

आपल्याकडची प्रतिक्रिया या दोन शक्यतांमध्येच अडकून पडली. दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी पाटेकर यांनी ‘नाम’ संस्थेतून केलेले काम हा बचावाचा पुरावा म्हणून पुढे आला. ते काम मोठेच आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेने २००८ मधील तक्रारीत लैंगिक छळाचा मुद्दा विचारातच घेतला गेला नव्हता अशी जी कबुली २०१८ मध्ये दिली, तिच्यावर फारच थोडे बोलले गेले. वेळेत चौकशी झाली असती तर दोघांपैकी एकाला तरी न्याय मिळाला असता.

प्रत्येक चित्रपटाच्या सेटवर तक्रार समिती असणे बंधनकारक आहे का?

दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तर होय. चित्रपटाचे निर्मिती-युनिट हे कामाचे ठिकाण असल्याचे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी लागते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा असतो. गंमत अशी की हेमा समितीला स्वतःला या उपायाचा भरवसा वाटला नव्हता : निर्मात्यानेच नेमलेली माणसे निर्मात्याच्या दबावाखाली येतील, म्हणून तिने वेगळा कायदा आणि स्वतंत्र न्यायाधिकरण सुचवले होते. ‘अम्मा’ने ऑगस्ट २०२५ मध्ये श्वेता मेनन यांना पहिली स्त्री अध्यक्ष म्हणून निवडले ही बातमी देशभर गेली; न्यायाधिकरणाची शिफारस अजून कागदावरच आहे.

मी ज्युनिअर आर्टिस्ट आहे, को-ऑर्डिनेटरमार्फत रोजावर जाते, माझा करार नाही. मला तक्रार करता येते का?

येते. २०१३ च्या कायद्यात कायम, तात्पुरत्या, रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेल्या, एवढेच नव्हे तर बिनपगारी काम करणाऱ्या व्यक्तीचाही ‘कर्मचारी’ म्हणून समावेश आहे, आणि मूळ मालकाला तिच्याविषयी माहिती नसली तरी तो लागू होतो. गोरेगावची चित्रनगरी असो की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा मालिकेचा सेट, नियम तोच. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिन्यांची मुदत मिळू शकते. निर्मितीसंस्थेत समितीच नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीकडे देता येते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे मिळतो. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते. त्या दिवशी कुठल्या मालिकेचे वा चित्रपटाचे काम होते, कोणी बोलावले होते आणि पैसे कोणी दिले, हे तारखेसह लिहून ठेवावे आणि बोलावण्याचा मोबाइलवरचा संदेश पुसू नये. करार नसतो तेव्हा तुम्ही तिथे होता याचा कागद तोच असतो.